तेजप्पाची खोली

पोलीस दारात आला तेव्हा अव्वा भाकरी थापत होती. गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरच्या भवानी पेठेतली... मी तेव्हा शाळेत होते.

आमच्या माडीवरच्या खोलीत इथिओपियाचा एक विद्यार्थी भाड्यानं राहायचा. नाव तेस्फाये, डॉक्टरकीला होता. अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जिभेला ते नाव काही वळेना... तिनं सरळ त्याचा तेजप्पा केला. ज्वारीचं पीठ हातात घेऊन तो एकदा म्हणाला, "माझी आई पण हेच करते." तेव्हापासून तो दोन्ही वेळा आमच्यातच जेवायला बसू लागला.

पोलीस सांगायला आला होता, की याचा भारतात राहायचा परवाना संपलाय. तिकडे राजाला खाली खेचलेलं, सगळा गोंधळ... पासपोर्टची मुदत वाढवून मिळेना, आणि त्याशिवाय इथला परवाना मिळेना. घरच्यांची खुशालीसुद्धा कित्येक महिन्यांत कळली नव्हती.

"याला ठेवलात तर तुम्हीपण अडकाल," पोलीस अप्पांना, माझ्या वडिलांना, म्हणाला. अप्पांचं चादरींचं छोटं दुकान, सरळ माणूस... घाबरले. खाली मान घालून तेजप्पाला म्हणाले, "बाबा, दुसरी खोली बघ." तो गावभर फिरला. परवान्याचं कळलं की लोक दार लावून घ्यायचे.

एका सकाळी अव्वानं लुगडं बदललं आणि त्याला घेऊन थेट पोलीस कचेरी गाठली. शाळा बुडवून मीपण मागोमाग.

साहेबांनी विचारलं, "बाई, हा परदेशी माणूस. उद्या पळून गेला तर?"

"पळून जाईल कुटं, साहेब?" अव्वा म्हणाली. "घरी जाता येईना म्हणून तर झुरतंय की लेकरू. घरची वाट मोकळी होऊ द्या, मीच भाकरी बांधून देते."

तेजप्पाला तेवढं मराठी कळायचं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं... खांदे मात्र हलत होते.

मग साहेब म्हणाले, "पासपोर्ट येईपर्यंत राहू दे. पण दर सोमवारी हजेरी. आणि घरमालकानं बरोबर यायचं."

"व्हय, येते की."

आणि दर सोमवारी ती जात राहिली. उन्हातान्हात, पायी, पुढे अव्वा आणि मागे तो उंच तेजप्पा... हळूहळू पेठेतल्या बायकांनी बघायचंही सोडून दिलं.

शेवटी पासपोर्ट आला. शिक्षण संपवून तो घरी निघाला तेव्हा अव्वा हसत होती, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सुरुवातीला त्याची पत्रं यायची... मग तीही थांबली.

त्यानंतर कुणी खोली विचारायला आलं, की अप्पा अव्वाकडे बघायचे. ती म्हणायची, "रिकामी न्हाय. तेजप्पाची हाय."

अव्वाला जाऊन बरीच वर्षं झाली. तेजप्पा, जिथं असशील तिथं सुखात राहा... आता तुझी वाट मी बघते.