रिकामी मात्रा

बाई माझी वही वाचत होत्या आणि त्यांचं बोट मांडीवर ताल धरून होतं. त्यांच्या क्लासमध्ये शिकलेल्या जुन्या बंदिशी मी स्वरलिपीत उतरवल्या होत्या. या बंदिशींचं पुस्तक काढून विकायचं मनात होतं, पण तो हक्क मला आहे का, हे कळेना. म्हणून विचारायला गेले होते.

एका अंतऱ्यापाशी बोट थांबलं. "इथे ही मात्रा रिकामी का ठेवलीस?"

"तुम्ही तिथे थांबता ना, बाई."

त्या मनापासून हसल्या. "अगं, तिथे मला धाप लागते. दमा आहे मला."

आम्ही सगळ्याजणी इतकी वर्षं ती धापच बंदिश समजून गात होतो.

"बंदिशी खुशाल छाप," वही मिटत बाई म्हणाल्या. "त्या माझ्या गुरुजींच्याही नव्हत्या, त्यांनाही कुणीतरी दिलेल्या. माझा दमा तेवढा विकू नकोस."

इतक्या गळ्यांतून आलेल्या गाण्यात कुणाकुणाची धाप मुरली असेल, कोण जाणे. पुस्तकात ती मात्रा मी भरून टाकली. गाताना मात्र अजून तिथे थांबते.