महाराजाचा पत्ता

“हा महाराजा कोण?” इन्स्पेक्टर साळुंख्यांनी विचारलं.

टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं बसलो होतो. मध्ये मयूरी, जिच्या नावे नोटीस निघाली होती. तिच्या एका बाजूला तिच्या वकील कर्णिक मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. मी भाषांतरकार आहे. गिरगावात माझं एका खोलीचं ऑफिस आहे. खरेदीखतं, मृत्युपत्रं, परदेशी जाणाऱ्यांचे जन्मदाखले असले कागद मी इंग्रजीत करतो आणि खाली सही-शिक्का करून लिहून देतो, की मुळात आहे तेच उतरवलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही. याला प्रमाणित भाषांतर म्हणतात. या कामासाठी पोलीस ठाण्यात सहसा जावं लागत नाही. मॅडम सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या, “परब, क्लिप मालवणीत आहे. तुम्ही बरोबर चला.”

“महाराजा म्हणजे देव, साहेब,” मयूरी म्हणाली. “गाऱ्हाणं घालताना देवाला महाराजा म्हणतात.”

“ते मला कळतं हो. माझी सासुरवाडी देवगडची. पण या कागदाला कळत नाही ना.” त्यांनी कागद आमच्याकडे सरकवला.

झालं होतं असं. मयूरी घोडपदेवच्या एका चाळीत राहते. चाळीची वर्षाची सत्यनारायणाची पूजा होती. पूजेनंतर तिचे चुलते बाळाकाका यांनी रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने मांडलेली तक्रार आणि मागणी. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. बाळाकाका गोदीतून रिटायर झालेले, आवाज अजून खणखणीत. या वर्षी त्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्याचा विषय घेतला. दुरुस्तीच्या नावाखाली तो बंद झाला होता आणि दुरुस्ती काही सुरू होत नव्हती. मयूरीने गाऱ्हाणं मोबाईलवर घेतलं आणि स्वतःच्या अकाउंटवर टाकलं. लोकांनी ते भरपूर पुढे पाठवलं. मग एका साहेबांनी तक्रार केली की मला धमकी आहे. क्लिपमध्ये त्यांचं नाव नव्हतं, हुद्दाही नव्हता. दवाखान्याला कुलूप लावणारा म्हणजे मीच, हे त्यांनी आपणहून ओळखलं होतं.

तक्रारीनंतर दोन गोष्टी झाल्या. एक, व्हिडिओ दिसेनासा झाला. त्या जागी एक वाक्य यायचं, की कायदेशीर विनंतीवरून हा मजकूर भारतात उपलब्ध नाही. विनंती कोणाची, कुठल्या कारणासाठी, काही लिहिलेलं नव्हतं. दुसरी, वरच्या कुठल्या तरी कक्षाने क्लिप मशीनकडून इंग्रजीत करून घेतली आणि तो कागद साळुंख्यांकडे पाठवला.

मी कागद वाचला. मशीनला मालवणी येत नव्हती. त्याने ती खराब ऐकू आलेली मराठी समजून सुधारून घेतली होती. मराठीत सांगायचं तर त्यात लिहिलं होतं : ‘जो उभा राहील त्याला आडवा करा, महाराजा. जमाव : होय, महाराजा.’ खाली कोणी तरी, बहुधा माणसाने, शेरा मारला होता. महाराजा हे टोळीप्रमुखाचं टोपणनाव दिसतं. जमाव त्याला संमती देत आहे. ओळख आणि पत्ता शोधून कळवावे.

“पत्ता मागितलाय,” साळुंखे म्हणाले. “मी काय लिहू? वैकुंठ?”

“मग काय करणार तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“ताईंनी फोन द्यायचा, लॉक उघडून. महाराजा नावाने नंबर सेव्ह आहे का, मेसेज आहेत का, बघतो. नाही सापडला तर नाही लिहितो. फाइल बंद.”

“फोन देणार नाही,” मयूरी म्हणाली.

“का? लपवण्यासारखं काही आहे का?”

“आहे.”

मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “फोन कशासाठी हवाय ते लेखी द्या.”

“देतो ना. प्रिंटर बिघडलाय, दुरुस्त झाला की देतो.” मग जरा सौम्य आवाजात म्हणाले, “मॅडम, मला पण वर उत्तर द्यायचंय. कागद आला की कागदच पाठवावा लागतो. परवा या. तोवर तुमच्याकडे दुसरा कागद असेल तर बघू. नसेल तर फोन.”

बाहेर आल्यावर मयूरीने कारण सांगितलं. ती परळच्या एका समुपदेशन केंद्रात काम करते. घरात मारहाण होणाऱ्या बायका तिला मेसेज करतात. कोण कुठे राहायला गेली, मुलं कोणत्या शाळेत घातली, सगळं त्या फोनमध्ये.

“त्यांतल्या एकीचा नवरा पोलिसात आहे,” ती म्हणाली. “ती कुठे आहे ते तो वर्षभर शोधतोय.”

“याच ठाण्यात?” मी विचारलं.

“नाही. पण फोन एकदा टेबलावर गेला की कोणाकोणाच्या हातात जाईल, सांगता येतं का?”

म्हणजे माझ्या कामाचा मुद्दा साधा होता. महाराजा हा माणूस नाही, हे कागदावर आणायचं. तेही अशा कागदावर, की वरच्या कागदाला तो चालेल.

मी मूळचा कणकवलीकडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेत आम्ही मालवणीत उत्तर दिलं की बाई ते प्रमाण मराठीत पुन्हा म्हणायला लावायच्या, बरोबर येईपर्यंत बसू द्यायच्या नाहीत. तेव्हा राग यायचा. पण त्या उभं राहण्यावरच माझं घर चाललं आहे, आणि बाईंचं ऋण मी मानतो. घरच्या बोलीचे पैसे मात्र मला आजवर कोणी दिले नव्हते. हे पहिलंच काम.

मयूरीकडून मूळ व्हिडिओ घेतला आणि संपूर्ण गाऱ्हाणं उतरवून काढलं. अडचणीची ओळ अशी होती :

“ह्या कामात जो कोण उभो ऱ्हवात तेका आडवो कर, आडवो पडात तेका उभो कर, पण त्या दवाखान्याचा कुलूप काढूक लाव रे महाराजा.”

मशीनने पुढचा अर्धा भाग गाळला होता. आडव्याला उभा करायची मागणी गेली आणि उभ्याला आडवा करायची तेवढी राहिली.

मी कच्चा इंग्रजी ड्राफ्ट मॅडमना वाचून दाखवला.

“परब, ‘आडवो कर’ला हा इंग्रजी शब्द नको. फार थेट आहे. ‘अडथळा दूर कर’ लिहा ना.”

“ते म्हणालेत आडवो. आडवा म्हणजे आडवाच.”

“पण अर्थ तोच आहे ना?”

“अर्थ फूटनोटमध्ये सांगतो. मजकूर बदलत नाही. त्यांनी दुसरा भाषांतरकार आणला आणि त्याने माझा शब्द चुकीचा ठरवला, तर माझा अख्खा कागद गेला. मग फोन गेला.”

“माझ्या अशिलाच्या गळ्याशी आलंय आणि तुम्ही शब्द धरून बसलाय.”

“मला त्याचेच पैसे मिळतात मॅडम.”

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “मग फूटनोट तरी भक्कम घाला.”

फूटनोट म्हणजे पानाच्या तळाशी दिलेली टीप. भाषांतरकाराला स्वतःच्या नावाने बोलायची तेवढीच जागा असते. मी टीप अशी लिहिली : ‘महाराजा’ हे गाऱ्हाण्यात ग्रामदैवताला उद्देशून येणारं संबोधन आहे. मुळातली सगळी क्रियापदं एकेरी आहेत, कर, दी, लाव. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना एकच शब्द असल्याने हा फरक तिथे पुसला जातो. ही बोली बोलणारा माणूस देवाला अरे-तुरे करतो, पण ज्याला वचकून असतो त्या माणसाला अहो-जाहो करतो. टोळीप्रमुखाला पन्नास माणसांदेखत एकेरीत कोणी काम सांगत नाही. ‘उभो’ आणि ‘आडवो’ ही जोडी ठरलेली आहे आणि दोन्ही बाजूंनी येते.

ठरल्याप्रमाणे आम्ही पुन्हा गेलो. प्रिंटर बंदच होता. साळुंख्यांनी माझा कागद दोनदा वाचला. ‘अहो-जाहो’च्या वाक्यावर ते थांबले आणि थोडं हसले.

“हे बरंय. आता मूळ वाचा. मी तुमच्या कागदाशी ताडून बघतो.”

मी वाचायला लागलो. गाऱ्हाणं सपाट वाचता येत नाही, निदान मला येत नाही. वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप चढतो. “ही चाळीची पोरा-टोरा तुझ्या पायाकडे इली हत, त्येंची सेवा मान्य करून घे रे महाराजा.”

“होय महाराजा,” मागून आवाज आला.

शेजारच्या टेबलावर एक हवालदार मान खाली घालून रजिस्टरमध्ये लिहीत होते. आपण बोललो हे त्यांना बाकीच्यांच्या नंतर कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कुठले तुम्ही?” साळुंख्यांनी विचारलं.

“वेंगुर्ला, सर.”

साळुंखे मॅडमकडे वळले. “यांचा पण फोन घ्यायचा का आता?”

त्यांनी माझा कागद फाइलला लावला आणि वरच्या कक्षाला उत्तर लिहिलं. पत्त्याच्या जागी लिहिलं, ‘ग्रामदैवत, सोबतची टीप पाहावी’. मयूरीचा फोन पूर्ण वेळ तिच्या पर्समध्ये होता. तो तिथेच राहिला. तिला पुन्हा बोलावणं आलं नाही.

व्हिडिओ मात्र परत आला नाही. तो बंद करणारी विनंती साळुंख्यांची नव्हती. मॅडमनी माझं भाषांतर जोडून अर्ज केले, कंपनीला आणि सरकारलाही. कंपनीचं उत्तर आलं की सरकारला विचारा. सरकारकडून उत्तरच आलं नाही. साळुंख्यांशी निदान टेबलावर बसून बोलता आलं होतं. इथे टेबल कुठे आहे हेच सापडत नव्हतं.

पुढच्या वर्षी मयूरीने मला पूजेला बोलावलं. आरती झाली. बाळाकाका पुढे आले आणि त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“मोबाईल चालू नाय ना रे कोणाचो?”

“नाय काका,” दोघं-तिघं म्हणाले. कोणी तरी वरच्या गॅलरीकडेही बघून घेतलं.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं. पोराबाळांना सुखी ठेव, शिकणाऱ्यांना बुद्धी दी, नोकरीवाल्यांची नोकरी टिकव. प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ आलं. मीही म्हटलं. गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं मला कामामुळे पाठ झालं होतं, त्यामुळे पुढे दवाखाना येणार म्हणून मी वाट बघत होतो. येताना मी दवाखान्यावरूनच आलो होतो. कुलूप तसंच होतं.

बाळाकाकांनी नारळ ठेवला आणि ते बाजूला झाले. प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

“दवाखाना राहिला,” मी मयूरीला हळू आवाजात म्हटलं.

“राहिला नाही,” ती म्हणाली. “मीच त्यांना नको म्हटलं.”

आणि तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

जे बोललं गेलं त्याचं प्रमाणित भाषांतर मी करून देऊ शकतो. या वर्षी माझ्याकडे काम नव्हतं.