ड्युटी सुटल्यावर

माझे काका भिवंडीत पोलीस हवालदार होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या दुपारी ड्युटी सुटून ते घरी आले होते, धुतलेला गणवेश दोरीवर वाळत होता, आणि नारपोलीतल्या आमच्या घरामागच्या लूमच्या कारखान्याला आग लागली. काका बनियनवरच धावले. आत अडकलेल्या दोन कामगारांना त्यांनी बाहेर काढलं. तिसऱ्यासाठी पुन्हा आत गेले आणि छप्पर कोसळलं.

काही दिवसांनी त्यांचे साहेब घरी आले. मरण ड्युटीवर आलं असेल तरच घरच्यांना पूर्ण पेन्शन, असा नियम. आग काय हजेरी बघून लागते? ऐकून माझं डोकंच फिरलं. साहेब मात्र भला माणूस. हळूच म्हणाले, "वहिनी, आम्हीच त्यांना बोलावून घेतलं होतं, असं मी लिहितो. तुम्ही फक्त हो म्हणा."

काकीच्या पदरात दोन लहान पोरं होती, घरात दुसरी कमाई नव्हती. तरी ती ताठ बसून म्हणाली, "न्हाय साहेब. बोलावल्यावर कुनीबी जाईल. हे न बोलावता गेले. तसंच लिवा."