डाव्या हातातली पट्टी

मेडिकलला नंबर लागला तेव्हा गावात पेढे वाटले आणि ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, "मढी फाडायला भ्या न्हाय वाटणार?" आमची जैनाची घरं. पिठात किडा निघाला तरी तो मारायचा नाही, उचलून झाडाखाली सोडायचा. मी मात्र शेखी मिरवत म्हणायचे, "मेलेल्याचं कसलं भ्या? भ्या असतंय ते जित्या माणसाचं." कॉलेज सुरू झाल्यावर ते बोलणं अंगलट यायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

निपाणीजवळच्या गावातून उठून मी बेळगावात हॉस्टेलवर आले. वर्गात निम्मी मुलं कन्नडमधून बोलायची, निम्मी इंग्रजीतून. मला दोन्ही कळायचं, पण तोंड उघडलं की निपाणीच बाहेर पडायची. मेस रात्री आठला उघडायची आणि मी दिवस मावळायच्या आत जेवणारी. पहिला आठवडा अक्षरशः चिरमुऱ्यांवर काढला. हे सगळं चालून गेलं असतं. चालून गेलं नाही ते चौथ्या टेबलावरचं माणूस.

डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मालिनच्या वासानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मॅडमनी आम्हाला हात पुढे करून शपथ घ्यायला लावली, "हे तुमचे पहिले गुरू, यांचा मान ठेवा," म्हणाल्या आणि चादर बाजूला केली. मध्यम वयाचा पुरुष. डोकं भादरलेलं, चेहरा राखेच्या रंगाचा, सुजलेला, कुणाचाही असावा असा. मी नजर खाली वळवली. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, वीतभर लांब सरळ व्रण होता आणि दोन्हीकडं टाक्यांच्या खुणा.

माझ्या चुलत्यांना डाव्या हाताला अगदी तिथंच व्रण होता. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. मोटरसायकलवरून पडून हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी घातली होती. थंडीत "पट्टी ठणकत्याय" म्हणत ते चुलीपुढं हात शेकत बसायचे. मी दहा वर्षांची असताना शेतातल्या पाण्याच्या पाळीवरून ते माझ्या वडिलांशी, आप्पांशी, भांडले, अंगावरच्या कपड्यानिशी बेळगावची बस धरून गेले, ते आजतागायत. गावातल्या एकानं त्यांना बेळगावच्या स्टँडवर बघितलं म्हणे. त्यानंतर कुणीच नाही. आप्पांनी कुठं शोधलं नाही ते विचारू नका. काकूनं ते परत येईपर्यंत गोड सोडायचा नेम घेतला, आणि रोज अंघोळ झाली की कपाळाला कुंकू लावून दाराकडं एकदा बघायची. तिला मूलबाळ नाही. माझी वेणीफणी, आजारपणं, अभ्यास सगळं तिनंच केलं.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे काही उगीच म्हणत नाहीत. मी हॉलमधल्या शिपाईमामांना विचारलं, "हे कुठनं आलंय?" ते म्हणाले, "दवाखान्यातनं. बेवारस. तुला काय करायचंय? बोर्डावर लिवलंय ते शीक." झालं, बेवारस म्हटल्यावर मी परत टेबलाशी गेले. दाबून पट्टी लागते का बघितलं, पण फॉर्मालिननं हात लाकडासारखा झालेला, काही कळेना.

मग ते माणूस माझ्या मागंच लागलं. मेसमध्ये वाढणाऱ्याचा डावा हात बघायचा. सिटी बसमध्ये दांडीला धरलेले सगळे डावे हात बघायचे. चपातीला तोच वास, केसांना तोच वास. टेबलाशी मी मुद्दाम उजव्या बाजूला उभी राहायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर मी त्याच्या कानाशी वाकून हळूच "अण्णा" म्हणून बघितलं. वेडेपणाच, दुसरं काय! पण खोटं कशाला बोलू, उत्तर येईल म्हणून मी खरंच थांबले होते.

मी ते कुणालाच सांगणार नव्हते. काकूनं फोनवर ओळखलं.

"आवाज का गं असा?"

"वास सोसत न्हाय."

"माझ्याशी खोटं बोलू नगोस. काय झालंय?"

आणि मी मूर्खासारखी सगळं सांगून मोकळी झाले. व्रण कुठं आहे, केवढा आहे, सगळं.

"आत पट्टी हाय का बघ," ती म्हणाली. "त्यांनी काढून घेतली न्हवती. आणि तुझ्या आप्पाला एवढ्यात सांगू नगो."

"दुसऱ्या कुणाचं बी असंल की काकू."

"असंल. पर बघ."

आता माझ्या हातात एका बाईचं कुंकू होतं. खात्री नसताना मी तोंड उघडलं होतं आणि आता तिचाही जीव टांगणीला लागला होता. छाती झाली, काख झाली, दंड झाला. रोज सुऱ्या हाताच्या खाली खाली सरकत होत्या. चौथ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, डाव्या हाताची पाळी आली आणि यादीत नेमका माझा नंबर. हुबळीची मैत्रीण माझं तोंड बघून कन्नडमध्ये म्हणाली, राहू दे, मी करते. मी म्हटलं, "न्हाय. मीच."

मी एकेक स्नायू बाजूला करत गेले. सगळ्यात खाली हाड. सरळ, गुळगुळीत, पिवळसर पांढरं. बोट फिरवून बघितलं, दोनदा, तीनदा. पट्टी नाही, स्क्रू नाही, काहीच नाही. मॅडमना विचारलं, मग हा व्रण कसला? त्यांनी वाकून बघितलं. "वरची जखम आहे, खोल गेलेली नाही. हे हाड कधी मोडलेलंच नाही."

मी मोठ्यानं हसले. अख्खा हॉल माझ्याकडं बघायला लागला. मॅडमनी दरडावलं, "शपथ विसरलीस? बाहेर जा, तोंड धुऊन ये." बाहेर जाऊन मी नळाखाली तोंड धरलं आणि तिथंही हसतच होते. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. मला काकूचं तोंड बघायचं होतं. दुपारची निपाणीची बस धरली. बेळगावच्या वेशीजवळचं काकती गाव मागं पडलं तेव्हा मी खिडकीशी चक्क गुणगुणत होते.

काकू परसात शेंगा फोडत बसली होती. मी "काकू!" म्हणून धावले आणि जागच्या जागी थांबले. तिच्या कपाळाला कुंकू होतं, पण हातात बांगड्या नव्हत्या. एकही नाही. आई आतून म्हणाली, "बघ की तुझ्या काकूला. भांडी घासताना म्हणं फुटल्या, दोन्ही हातातल्या! सांगून दमले, कासाराकडं जा म्हणून."

मी तिच्याजवळ बसले. "काकू, ते न्हवं ते. पट्टी न्हाय."

"नीट बघितलंस?"

"माझ्या हातानं बघितलं. मॅडमनी पण सांगितलं."

तिनं आणखी दोन-चार शेंगा फोडल्या. मी तिच्या हसण्याची वाट बघत होते.

"मी म्हटलं, चला, सुटले," ती म्हणाली. रडत नव्हती. "आठ वरसं झाली, दारात कुत्रं हाललं तरी उठून बसती मी. तू फोन केल्यापासनं बघ, कशी गाढ झोप लागाय लागलती."

हॉलमधलं माझं ते हसणं आठवून लाज वाटली, इतकी की धरणीनं पोटात घ्यावं. ती उठून आत गेली, फडताळातला डबा घेऊन आली. त्यात तिच्या हिरव्या बांगड्या होत्या, सगळ्या, एकही फुटली नव्हती. तिथंच बसून तिनं त्या एकेक करून परत हातात चढवल्या. उजवा हात झाल्यावर डावा.

"दरवरसाला नवीन येत्यात न्हवं तिथं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बघत जा गं."

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. डिसेक्शन हॉलशी माझा काही संबंध उरलेला नाही. तरी नव्या मुलांचं हाताचं काम संपलं की मी खाली जाते, मामांना विचारून टेबलं फिरते, डावे हात बघते आणि काकूला फोन करून न्हाय म्हणून सांगते. आधी न्हाय म्हणताना बरं वाटायचं. आता नाही वाटत. कुठल्यातरी वर्षी त्या मांसाखाली स्टील दिसावं, असं मलाच वाटायला लागलंय.