बेसवाल्याचा अँप आणि साडूंचा हात

साडू हे नातं मुळातच विनोदी. दोन पुरुष एकाच सासऱ्याचे जावई होतात आणि तेवढ्या एका अपघातावर जन्मभर एकमेकांना टाळ्या देत बसतात. माझे साडू वयाने आणि जावईपणाने थोरले. म्हणजे सासऱ्यांची बोलणी त्यांनी ताजी खाल्ली, मला शिळी मिळाली.

घराच्या पुढच्या खोलीत ते गाण्याबजावण्याचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे अँप्लिफायर, दुरुस्त करतात. बसायला जागा एकच, तीही एका मेलेल्या स्पीकरवर. मीटर आहे, सोल्डरिंगची सामग्री आहे, पण खरं हत्यार म्हणजे त्यांचा उजवा हात. चालू अँपच्या पाठीवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "कोमट. घेऊन जा." किंवा, "तापतोय. ठेवून जा." गल्लीतल्या बाया अंगात कणकण असलेली पोरंही त्यांच्यापुढे उभी करायच्या. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणायची, "माझा हात यांनी कधी एवढा वेळ धरला नाही."

परवा गेलो तर बेसवाला आलेला. हॉटेलात वाजवणाऱ्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. त्याच्या अँपचा पंखा साडूंनी बदलून दिला होता आणि तेव्हापासून तो अँप तापून मध्येच बंद पडत होता. मागच्या खेपेला साडूंनी हात ठेवून "कोमट" म्हणून परत पाठवला होता.

"काका, काल पुन्हा चौथ्या गाण्याला गप्प झाला."

"कुणाला कळलं का?"

"ड्रमवाल्याला कळलं. म्हणाला, आज जरा बरं वाटलं."

साडू खळखळून हसले. अँप लावला. बेसवाला वाजवू लागला तशी आतून ताई ओरडली, "माझ्या कपबश्या तुमच्या साथीला बसल्यात हो." बराच वेळ वाजवून झाल्यावर साडूंनी अँपच्या पाठीवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर हात टेकवला. डोळे मिटले.

"कोमट."

बेसवाल्याने गिटार बाजूला ठेवली, बोट लावलं आणि झटक्यात तोंडात घातलं. मग मी लावलं. दुसऱ्याचं भाजलेलं पाहून शहाणं व्हावं, एवढी अक्कल मला कधीच नव्हती. मीही बोट तोंडात घातलं.

साडूंचा हात तिथेच होता.

"काका," बेसवाला हळूच म्हणाला, "हात काढा."

त्यांनी हात काढून पालथा-उताणा करून पाहिला. तळव्यावर पात्यांच्या लाल रेघा उठल्या होत्या. नव्याकोऱ्या खोक्यातून बिघडलेला सुटा भाग निघाला की ते असेच बघतात.

"एवढं काही नाही," ते म्हणाले. कुणी काही म्हटलंही नव्हतं.

ताईने पाण्याचं पातेलं आणून त्यांचा हात त्यात बुडवला. "केव्हाची बघतेय. उकळता चहा ओतला तरी कप मुठीत धरून बसता. मला वाटायचं, रुबाब करताय."

"मलाही तेच वाटायचं," साडू म्हणाले.

"डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितलीय, त्यालाही वर्ष उलटलं."

"आधी हा अँप होऊ दे." मग माझ्याकडे वळून, "पंख्याच्या जाळीसमोर कागदाचा कपटा धर. उडतो का बघ."

कपटा उडाला नाही. जाळीला घट्ट चिकटला.

आतली गरम हवा बाहेर फेकायची, तर पंखा बाहेरची हवा आत ओढत होता आणि उष्मा आतच कोंडत होता. पंखा उलटा बसला होता.

"बसवल्यावर मी हात धरून पाहिलं होतं," साडू म्हणाले. "वारा लागला होता मला." पाण्यातल्या हाताकडे बघून म्हणाले, "लागला, असं वाटलं होतं."

यावर विनोद करायचं काम माझं होतं. मी जाळीवरचा कपटा सोडवून घेतला.

अँप बंद करून, थोडा निवल्यावर, स्क्रू बेसवाल्याने काढले. साडू पातेल्यात हात बुडवून सांगत होते, "हां, आता फिरव. पंख्यावरचा बाण बाहेरच्या बाजूला." मग पुन्हा वाजवणं, पुन्हा कपबश्यांची साथ. कपटा आता फडफडत उडून गेला. पण हात टेकवल्याशिवाय अँप दाराबाहेर जात नाही, हा त्या खोलीचा नियम. पाण्यातला हात बाहेर येता येता थांबला.

"अगं, जरा बघतेस?"

ताईने पदराला हात पुसून तळवा टेकवला.

"गरम की कोमट?"

"आधी उद्या डॉक्टरकडे येताय का, ते सांगा."

बेसवाला तारांकडे बघत बसला. साडूंनी मान हलवली. "येतो."

"कोमट आहे," ताई म्हणाली.

साडूंनी डावा हात तिच्या हाताशेजारी टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. निकाल कुणी विचारला नाही.