आईच्या वाट्याला आलेली बाहुली

ग्वादालाहाराला जायचं ठरवलं ते आईला तिथलं काहीही आवडू नये म्हणून. प्रवासाचं कारण म्हणून हे फारसं शोभत नाही, पण ब्लॉग माझा आहे.

मी सनीव्हेलला एकटी राहते. सहानुभूतीसाठी नाही, तपशील म्हणून सांगते. चिप डिझाइनमध्ये काम करते, दोन बेडरूमचं अपार्टमेंट आहे आणि दुसऱ्या बेडरूममध्ये आईने कायमचं राहायला यावं अशी माझी फार इच्छा आहे. तिच्या ग्रीन कार्डाचा विषय मी दर रविवारी काढते. आई "बघू" म्हणते आणि गॅलरीत बसून पार्किंग लॉटकडे बघते. डोंबिवलीहून ती हिवाळ्यापुरती आली होती, फेब्रुवारीअखेरचं परतीचं तिकीट होतं. मी तिला कशाला हात लावू देत नव्हते. भांडी मशीन घासतं, भाजी घरपोच येते, तू आराम कर. तिने आराम इतका मन लावून केला की हळूहळू बोलणंसुद्धा कमी केलं.

धाकटा भाऊ निखिल ग्वादालाहारात असतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीत त्याचा नंबर लागला नाही, म्हणून कंपनीने त्याला मेक्सिकोतल्या ऑफिसात बसवलं. माझा बेत सरळ होता. आईने मुलाचं घर बघायचं, त्यातला गळका नळ आणि एकुलती एक कढई बघायची, आणि सनीव्हेलची किंमत तिला आपोआप कळायची.

जाणाऱ्यांसाठी उपयोगाचं: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण नियम बदलत असतात, निघण्याआधी पुन्हा तपासा. सॅन होजेहून थेट विमान आहे, चार तासांच्या आत पोचवतं. नाताळात तिकिटाकडे बघवत नाही, म्हणून आम्ही नवीन वर्ष लागल्यावर निघालो. परतायचं होतं सात जानेवारीला.

निखिल जुन्या वस्तीत, दोन्या चेला नावाच्या बाईंच्या घरात तळमजल्यावर राहतो. दोन्या म्हणजे आपल्याकडे नावापुढे बाई किंवा काकू लावतो तसं. सत्तरीच्या, ठेंगण्या, दारात खुर्ची टाकून बसलेल्या. आईने बॅग खाली ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. मला वाटलं, दमली असेल. जेवायला हाक मारली तेव्हा दोघी गप्पा मारत होत्या, एक मराठीत, एक स्पॅनिशमध्ये.

"काय म्हणाल्या गं?" मी आईला विचारलं.

"बिचारीचा नवरा मागच्याच वर्षी गेला. गुडघ्याचं दुखणं निघालं आणि त्यातच गेला."

गुडघ्याच्या दुखण्याने कोणी जात नाही, असं मी म्हणणार होते, पण आई इतक्या दिवसांत माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशीही आईने दोन्या चेलांचा हात हातात धरून त्यांचं सांत्वन केलं. त्यांनीही मान हलवून ते करून घेतलं.

खाण्याचं म्हणाल तर तोर्ता आओगादा चुकवू नका. कडक पाव, आत सारण, वरून लालभडक रस्सा. मिसळीच्या दूरच्या नात्यातला पदार्थ आहे. सारण एरवी डुकराच्या मांसाचं असतं, पण घेवड्याच्या उसळीचं मागितलं तर देतात. पैसे रोख ठेवा, गाडीवर कार्ड चालत नाही. आठवड्याच्या बाजारात आईला शंकूच्या आकाराचा गूळ सापडला. तिने ढेप नाकाला लावली, विकणाऱ्याला "काळा आहे, पण बरा आहे" असं मराठीत सांगितलं आणि घेतली.

"कशाला गं? परवा निघायचंय," मी म्हटलं.

"असू दे."

मधल्या दिवशी आम्ही चापाला नावाच्या तळ्याकाठच्या आहिहिकला गेलो. जुन्या बस स्टँडवरून बस मिळते, दीड तासाच्या आत पोचते. गाव सुरेख आहे, रंगीत भिंती, तळ्यावरचा वारा. अमेरिकेतून निवृत्त होऊन आलेली पुष्कळ मंडळी तिथे राहतात. कॅफेत पलीकडच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी आमची चौकशी केली. सनीव्हेल ऐकून खूश झाले, तेही कॅलिफोर्नियाचेच. अकरा वर्षांपासून इथे आहेत. म्हणाले, इथल्या संस्कृतीत राहण्यात जी मजा आहे ती वेगळीच. मग त्यांनी वेटरला इंग्रजीत पॅनकेक सांगितले आणि ते आल्यावर सिरप थोडं पातळ असल्याची तक्रार केली, तीही इंग्रजीत. आईने निखिलला विचारायला लावलं की यांचे शेजारी कोण. शेजारी फार शांत आहेत, कधी त्रास नाही, असं ते म्हणाले. नाव काही त्यांना आठवलं नाही.

बसमध्ये बसल्यावर मी पोटभर हसून घेतलं.

"ताई, तू हसू नकोस यार," निखिल म्हणाला. "तुझ्या समोरच्या दारात कोण राहतं?"

समोरच्या दारात एक बाई राहतात. सहा वर्षांत आमचा संबंध चुकून आलेल्या पार्सलांपुरता आला आहे. त्या माझं देतात, मी त्यांचं देते, दोघी थँक्यू म्हणतो. नाव पार्सलवर असतं, पण मी कधी लक्ष देऊन वाचलेलं नाही.

सहा जानेवारीला तिथे रोस्का कापतात. मोठ्या कंकणासारखा गोड पाव, वर साखरेतल्या फळांच्या पट्ट्या. आत पांढरी प्लॅस्टिकची बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल नावाचा वाफवलेला पदार्थ खायला घालायचा, असा रिवाज. संध्याकाळी दोन्या चेलांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. हॉट चॉकलेटचं पातेलं आलं. जिन्यावरून कुबडी टेकत एक आजोबा उतरले आणि दोन्या चेलांच्या शेजारी बसले. हे त्यांचे यजमान, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे इतके दिवस वरच होते. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बरे दिसतायत," ती म्हणाली.

मग तिने तुकडा तोडला आणि बाहुली तिच्याच दाताखाली आली.

टाळ्या झाल्या. मी निखिलला म्हटलं, सगळ्यांना समजावून सांग की आई उद्याच निघतेय, बाहुली दुसऱ्या कोणाला तरी द्या. त्याने सांगितलं. कोणी रागावलं नाही, नुसते सगळे कपात बघायला लागले. आईला भाषांतराची गरज पडली नाही.

"मला मिळालीय ना? मग मी करणार," ती म्हणाली. "नाहीतर म्हणतील, डोंबिवलीची बाई नुसती खाऊन गेली."

"अगं, तिकीट काढलंय. आणि एवढ्यांचं कोण करणार? तुला दगदग होईल."

"होऊ दे ना दगदग. तुझ्याकडे मला कोणी काही करायलाच सांगत नाही." तिने बाहुली पुसून ब्लाउजमध्ये ठेवली. "तिथे राहून मी कोणाकडे जाऊ? तुझ्याकडे म्हणशील, तर तूही नसतेस."

सात तारखेला मी एकटीच परत आले. विमानात शेजारची सीट रिकामी होती, तिचे पैसे मीच भरले होते. मला वाईट वाटलं. राग आला असता तर सोपं गेलं असतं, पण तिचं बरोबर होतं आणि माझ्या दुसऱ्या बेडरूममध्ये तिची शाल तशीच पडली होती.

दोन फेब्रुवारीसाठी सुट्टी टाकून पुन्हा गेले. एका सहलीचं दोनदा तिकीट काढणं मी कोणाला सुचवणार नाही. आईच्या अंगावर दोन्या चेलांचा एप्रन होता. तमाल म्हणजे मक्याचं पीठ भिजवून, आत सारण भरून, मक्याच्या सालात गुंडाळून वाफवायचं. पिठात एरवी डुकराची चरबी घालतात. आईने ती नाकारली, लोणी आणून तूप कढवलं आणि त्या वासाने गल्लीतली माणसं वेळेच्या आधीच आली. निम्मे तमाल मिरची-चीजचे होते, निम्म्यांत त्या काळ्या गुळातलं खोबऱ्याचं सारण. पातोळ्यांचं सारण आहे, ती मला म्हणाली, फक्त हळदीचं पान मिळालं नाही. माझ्या हातात तिने सालं गुंडाळायला दिली. मी गुंडाळलेले तीन तमाल दोन्या चेलांनी काही न बोलता सोडून पुन्हा बांधले. निखिल गल्लीभर ताटं वाटत हिंडत होता, आणि त्याचा नळ अजून गळत होता. आईचं नळाकडे लक्षही नव्हतं. तिला बसायला फुरसत नव्हती, आणि मी तिला एकदाही बस म्हटलं नाही.

आम्ही दोघी सनीव्हेलला आलो. त्या रविवारी मी ग्रीन कार्डाचा विषय काढला नाही. ठरल्या तारखेला आई डोंबिवलीला निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तिने एवढंच सांगितलं की फ्रीजमध्ये शिऱ्याचा डबा आहे, शिळा करू नकोस.

घरी येऊन मी ओट्यापाशी उभ्यानेच डबा उघडला. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडक आलं. बाहुली. बेदाण्यांच्या शेजारी नीट खोचलेली.

मी ती धुतली आणि ओट्यावर ठेवली. थोडा वेळ रडले, तेही तपशील म्हणून लिहिते. मग समोरचं दार वाजवलं. बाईंनी दार उघडून आधी माझ्या हातांकडे पाहिलं. हातात पार्सल नव्हतं.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी शनिवारी जेवायला या म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मला बाहुली मिळालीय, एवढंच इंग्रजीत सांगता आलं. त्यांनी जरा विचार केला आणि काय आणू असं विचारलं. त्यांचं नाव ग्रेस आहे.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून फोन आला.

"शिरा खाल्लास?"

"खाल्ला."

"मग? किती जण?"

"चार. ग्रेस, तिची बहीण आणि खालचं जोडपं."

"तमाल करू नकोस, तुला बांधता येत नाहीत. पोहे कर. आणि ते ग्रीन कार्डाचं तू काय सांगत होतीस? परत सांग बघू."