मालनताईंचा डबा आणि माझी जाहिरात

"दादा, ती जाहिरात पयली बंद करा!"

फोनवर शोभाक्का होत्या. मी त्यांच्याच जाहिरातीचा रिपोर्ट उघडून खुशीत बसलो होतो. लाइक, कमेंट, शेअर, सगळं चढतं. आमच्या धंद्यात याला एंगेजमेंट म्हणतात. म्हणजे लोक जाहिरात नुसती सरकवून पुढं जात नाहीत, थांबून काहीतरी करतात.

"अक्का, अहो जोरात चाललीय. बंद कशाला?"

"कमेंटी वाचल्यासा काय?"

वाचल्या नव्हत्या. मोजल्या होत्या.

माझ्या कार्डावर 'डिजिटल कन्सल्टंट' छापलंय. घरात त्याचा अर्थ 'दिवसभर मोबाईल बघणारा माणूस' असा घेतात. शोभाक्कांचं चटणी कांडप. उन्हाळ्यात बायका घरची भाजलेली मिरची, मसाला घेऊन येतात आणि डंखात, म्हणजे विजेवर चालणाऱ्या उखळात, वर्षाची चटणी कुटून नेतात. प्रत्येकीची चटणी वेगळी, आणि प्रत्येकीला आपलीच परत हवी. म्हणून डंखासमोर बसतात. खोकून डोळ्यांत पाणी येतं, पण नजर हलत नाही.

अलीकडे सुना तयार पाकिटं आणायला लागल्या. गिऱ्हाईक रोडावलं. म्हणून अक्कांनी स्वतःच्या मिरचीची चटणी पाकिटातून विकायची ठरवली, आणि जाहिरात माझ्याकडं आली.

मी ऐन गर्दीत व्हिडिओ काढला. मुरगूडच्या मालनताईंची मिरची उखळात पडते, शेजारी त्यांचा नाव कोरलेला स्टीलचा डबा, मुसळ दणादण खाली येतं, आणि पुढच्याच क्षणाला अक्का हसत पाकीट पुढं करतात! मधे आणखी एक शॉट होता. अक्का कुंच्यानं उखळ झाडून शेवटची चिमूटसुद्धा मालनताईंच्या डब्यात टाकतात. तो मी कापला. म्हटलं, रीलमध्ये झाडलोट कोण बघतंय?

वर शहाणपणा केला. अक्कांना विचारून त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर जाहिरातीला जोडले. याला कस्टम ऑडियन्स म्हणतात. ज्यांचे नंबर दिले, त्यांना तर हुडकून जाहिरात दाखवली जाते, तीही पुन्हा पुन्हा. ओळखीच्या बायका कौतुक करतील, असा माझा हिशेब.

आता कमेंट वाचल्या.

"डब्यावरचं नाव बघा की. ही तर आमच्या आत्तींची चटणी!" ही मालनताईंची सून.

"तरीच म्हटलं, डबा हलका का लागतोय."

"मिरची आमची, पाकीट हिचं. नाद खुळा!"

खाली हसणारे चेहरेच चेहरे. भांडण कुठलं आणि कौतुक कुठलं, ते त्या यंत्रणेला कळत नाही. गर्दी दिसली की ती जाहिरात आणखी लोकांपुढं ढकलते. अक्का स्वतःच्या बदनामीचे पैसे भरत होत्या आणि मी त्यांना रिपोर्ट पाठवत होतो.

घाबरून मी कमेंट उडवल्या. त्यावर नवी कमेंट आली, "उडवली बघा! म्हणजे खरंच हाय." मग जाहिरातच बंद केली. तोवर ती गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागली होती, फुकट.

शेवटी मुरगूडला गेलो. म्हटलं, मालनताई कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलल्या तर सगळं निवळेल.

"अक्का चोरायची न्हाय," मालनताई म्हणाल्या. "चिमूटभर ठेवून घेतलं न्हाय तिनं कधी."

"मग एवढंच बोला की, मावशी."

"आणि माझा डबा जगाला दावताना मला कुणी इचारलं?"

मी मोबाईल खिशात घातला.

त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "सून म्हणती, आता दुसऱ्या कांडपावर जायचं. मला रोज तिच्या हातचं खायचं हाय, बाबा. च्या घेणार?"

चहा घेतला आणि परत आलो. मग तो झाडण्याचा शॉट जोडून खुलाशाचा व्हिडिओ टाकला, तोही पैसे भरून, या खेपेला माझ्या. कुणी फिरकलं नाही. त्यात भांडण नव्हतं.

पुण्याहून पाकिटांना थोडीफार मागणी येते. यंदा आमची चटणी कुटायला बायको नेहमीसारखी अक्कांकडंच गेली. पूर्वी सकाळी गेलेली दिवस कलल्यावर परत यायची. यंदा माझा चहा व्हायच्या आत दारात.

"एवढ्यात?"

"मी एकटीच होते." तिनं डबा ओट्यावर ठेवला. "अक्कांनी तुमची चौकशी केली. तब्येत बरी आहे ना, म्हणाल्या."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हल्ली कुठलीही जाहिरात सुरू करण्याआधी मी ती दुकानाच्या जुन्यातल्या जुन्या गिऱ्हाइकाला नेऊन दाखवतो आणि समोर गप्प बसतो. पद्धत चांगली आहे. शोभाक्कांना तिचा काही उपयोग नाही.